पोलादाचे शहर क्रिव्ही रीह : दीडशे वर्षांचा जमाखर्च

२०२२ सालच्या मार्च महिन्यात आपल्या बाजारात दोन वस्तूंचे भाव एकदम चढले. किराणा दुकानात सूर्यफुलाच्या तेलाचा डबा महागला आणि बांधकामाच्या जागी लोखंडी सळई महागली. दोन्ही भाववाढींमागचे एक मोठे कारण एकाच देशात होते. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर चढाई केली. आपल्याकडे येणारे सूर्यफुलाचे तेल त्या वेळी बहुतांश युक्रेनमधून येत होते, आणि रशिया व युक्रेन हे दोन्ही देश जगाला पोलाद विकणारे मोठे विक्रेते होते. भारतात पोलादाचे भाव इतके चढले की मे २०२२ मध्ये केंद्र सरकारने पोलादाच्या अनेक प्रकारांवर १५ टक्के निर्यात कर बसवला. तो नोव्हेंबरमध्ये उठवला. म्हणजे ज्या भिवंडीच्या किंवा मालेगावच्या माणसाने त्या वर्षी घराचा स्लॅब टाकला, त्याने त्या दूरच्या लढाईचा काही हिस्सा आपल्या खिशातून भरला.

तिजारत करणाऱ्या माणसाने आपला माल कोठून येतो, हे जाणले पाहिजे, असे आमचे वडीलधारे सांगत. आम्ही स्वतः कापडाच्या धंद्यातले. आमची गाठ सुताशी, लोखंडाशी नव्हे. पण आमचे कित्येक बांधव भंगार, हार्डवेअर, फॅब्रिकेशन, कुलपे-कड्या आणि यंत्रांचे सुटे भाग या धंद्यांत आहेत. त्यांच्यासाठी, आणि एकाच धंद्यावर उभ्या असलेल्या शहरांत राहणाऱ्या सर्वांसाठी, युक्रेनमधील एका पोलादी शहराचा हिसाब आम्ही येथे मांडत आहोत. त्या शहराचे नाव क्रिव्ही रीह. जुन्या रशियन नकाशांत ते ‘क्रिवॉय रोग’ असे सापडेल. नावाचा अर्थ ‘वाकडे शिंग’. इंगुलेत्स आणि साक्सागान या दोन नद्या येथे मिळतात. त्यांच्या मधला जमिनीचा भाग शिंगासारखा वळलेला आहे, त्यावरून हे नाव पडले असे मानतात.

लाल माती ओळखणारा जमीनदार

१७७५ साली येथे कोसॅक लोकांनी डाकेची एक चौकी उभारली. टपाल नेणारे घोडे बदलायचे ठिकाण, एवढीच या जागेची किंमत होती. पुढे शंभर वर्षे हे एक साधे गाव राहिले. माती लालसर आहे, दगड जड आहे, हे गावकऱ्यांना ठाऊक होते. पण त्या दगडाचा पैसा होतो, हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

ते ध्यानात आले अलेक्झांडर पोल या जमीनदाराच्या. जुन्या वस्तू आणि थडगी शोधण्याचा त्याला नाद होता. १८६६ साली दुबोवा बाल्का नावाच्या घळीत त्याला लोखंडाचे खनिज दिसले. त्याने परदेशी तज्ज्ञ आणून तपासणी करवली, जमिनी दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने घेतल्या आणि आपली दौलत या कामात ओतली. रशियातले सरकार आणि भांडवलवाले मात्र त्याला दाद देईनात. शेवटी तो पॅरिसला गेला आणि तेथे फ्रेंच भांडवलावर कंपनी उभी राहिली. १८८१ साली खाणकाम सुरू झाले. पोल १८९० साली वारला. ज्या धंद्याने पुढे लाखो माणसांच्या चुली पेटवल्या, त्याने पोलला मात्र कर्जाचा घोर लावला होता. धंद्याची वाट शोधणारा एक आणि त्या वाटेवर कमावणारा दुसरा, हे आपल्या बाजारातही आपण पाहतोच.

खनिज इकडे, कोळसा तिकडे

लोखंड काढायला नुसते खनिज पुरत नाही. भट्टीत घालायला कोक लागतो, म्हणजे हवा न लागू देता भाजून घट्ट केलेला कोळसा. तो कोळसा होता पूर्वेला, डोनेत्स नदीच्या खोऱ्यात, कित्येक शे किलोमीटर दूर. तेथे जॉन ह्यूज नावाच्या वेल्श कारखानदाराने १८६९ साली कंपनी काढून लोखंडाचा कारखाना बांधायला घेतला होता. आजचे डोनेत्स्क शहर त्याच कारखान्याभोवती वाढले. ह्यूजकडे कोळसा भरपूर, पण जवळचे खनिज हलके. क्रिव्ही रीहकडे उत्तम खनिज, पण कोळसा नाही. मध्ये नीपर ही मोठी नदी.

१८८४ साली ही दोन टोके रेल्वेने जोडली गेली. नीपर नदीवर दोन मजली पूल झाला. गाड्या पूर्वेकडून कोळसा भरून येऊ लागल्या आणि खनिज भरून जाऊ लागल्या. माल वाहणाऱ्याला ठाऊक असते की ट्रक परतीला रिकामा आला तर भाडे दुप्पट पडते. येथे दोन्ही फेऱ्या भरलेल्या होत्या, म्हणून वाहतूक स्वस्त पडली. तीस वर्षांच्या आत दक्षिण युक्रेन हा भाग साऱ्या रशियन साम्राज्यातले निम्म्याहून पुष्कळ अधिक लोखंड गाळू लागला. फ्रेंच, बेल्जियन, ब्रिटिश भांडवल येथे धावत आले. १८९२ साली क्रिव्ही रीहच्या हद्दीतच पहिली झोतभट्टी पेटली.

खनिज जमिनीत लाखो वर्षे पडून होते. त्याला भाव आला तो रेल्वे आल्यावर. वाट नसलेल्या मालाला मोल नसते, हे व्यापाऱ्याला नव्याने सांगायला नको.

सरकारी कारखाना

१९१७ च्या क्रांतीनंतर खाणी सरकारच्या झाल्या. १९३१ साली सोव्हिएत सरकारने येथे ‘क्रिव्होरिझस्ताल’ हा पोलादाचा प्रचंड कारखाना बांधायला घेतला आणि ४ ऑगस्ट १९३४ रोजी त्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली. या दोन तारखांच्या मध्ये १९३२-३३ ची दोन वर्षे येतात. ती युक्रेनमधल्या भीषण दुष्काळाची. शेतकऱ्यांकडून धान्य सक्तीने ओढून नेले गेले, त्यातले काही परदेशी विकून यंत्रे आणली गेली, आणि खेड्यांत लाखो माणसे अन्नावाचून मेली. त्या काळात उठलेल्या कोणत्याही सोव्हिएत कारखान्याच्या जमाखर्चात हा आकडा मांडल्याशिवाय बेरीज पुरी होत नाही.

ऑगस्ट १९४१ मध्ये जर्मन फौजा शहरात आल्या. त्यांच्या येण्याआधी जी यंत्रे हलवता आली ती रेल्वेने उरल पर्वताकडे नेली गेली. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी शहर सुटले तेव्हा कारखाना पडीक आणि खाणी पाण्याने भरलेल्या होत्या. त्या पुन्हा उपसून चालू केल्या.

युद्धानंतर एक नवी अडचण आली. वरचे कसदार खनिज कमी होत गेले आणि खाणी खोल जाऊ लागल्या. आज काही खाणी हजार मीटरहून खोल आहेत. तेव्हा इंजिनिअरांनी हलक्या दगडाकडे मोर्चा वळवला. या दगडात लोखंडाचे प्रमाण साधारण तिसरा हिस्सा. तो मोठ्या उघड्या खाणींतून काढायचा, दळून पीठ करायचे, लोहचुंबकाने लोखंडाचे कण वेगळे करायचे आणि भाजून त्याच्या गोळ्या वळायच्या. असे पाच मोठे कारखाने १९५५ ते १९६५ या दहा वर्षांत निघाले. टाकाऊ दगडाचे डोंगर शहराभोवती उभे राहिले. खाणींच्या रांगेबरोबर शहरही लांबत गेले, आणि आज ते उत्तर-दक्षिण साठ किलोमीटरहून अधिक पसरलेले आहे. कामगारांची ने-आण करायला १९८६ साली जलद ट्राम सुरू झाली. तिचा काही भाग मेट्रोसारखा जमिनीखालून जातो.

१९७४ साली येथे नववी झोतभट्टी पेटली. तिचे पोट पाच हजार घनमीटरचे, आणि त्या दिवशी ती जगातली सर्वांत मोठी झोतभट्टी होती. १९८९ च्या शिरगणतीत शहराची वस्ती सात लाखांच्या वर गेली. याच सोव्हिएत पद्धतीचा एक मोठा कारखाना आपल्याकडेही आहे. १९५५ च्या करारानुसार सोव्हिएत मदतीने उभा राहिलेला भिलाईचा पोलाद कारखाना तो हाच. तेथील पहिली झोतभट्टी फेब्रुवारी १९५९ मध्ये सुरू झाली.

गिऱ्हाईकच नाहीसे झाले

डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडला. कारखाना जागेवर होता, कामगार होते, खनिज होते. मोडले ते गिऱ्हाईक आणि मोडली ती नाण्याची पत. १९९३ या एका वर्षात युक्रेनमधील महागाई दहा हजार टक्क्यांहून अधिक वाढली. सकाळी मिळालेल्या पगारात संध्याकाळी काय येईल, याचा भरवसा राहिला नाही. १९९६ साली नवे चलन काढताना जुने एक लाख देऊन नवा एक रिव्निया मिळाला. मधल्या काळात देशातले कारखाने मालाच्या बदल्यात माल घेत राहिले. लोखंड देऊन कोळसा, कोळसा देऊन वीज, असा व्यवहार. रोकड ज्याच्या हाती, तो मधला माणूस गबर झाला. पुढे ज्यांना ‘ऑलिगार्क’ म्हणजे धनदांडगे म्हणू लागले, त्यांतले पुष्कळजण याच मध्यस्थीतून वर आले.

या काळाची एक खूण शहरापासून काही अंतरावर दोलिन्स्का येथे उभी आहे. १९८५ साली सोव्हिएत संघ, रुमानिया, बल्गेरिया, चेकोस्लोव्हाकिया आणि पूर्व जर्मनी अशा पाच देशांनी भागीदारीत तेथे खनिज शुद्ध करण्याचा कारखाना बांधायला घेतला. काम बरेच झाले, आणि मग भागीदारच संपले. सोव्हिएत संघ, चेकोस्लोव्हाकिया, पूर्व जर्मनी हे तीन देश नकाशावरून गेले. कारखाना अर्धवट राहिला आणि कधीच चालला नाही. भागीदारीचा कागद कितीही पक्का असो, भागीदार उभा नसेल तर त्या कागदाचे काय करायचे?

एक कारखाना, दोन भाव

आता येतो तो भाग, जो प्रत्येक व्यापाऱ्याने नीट वाचावा.

क्रिव्होरिझस्ताल सरकारकडे होता. नव्या शतकात चीनची मागणी वाढली, पोलादाला भाव आला आणि कारखाना नफ्यात चालू लागला. जून २००४ मध्ये सरकारने त्याचे ९३ टक्के भाग विकले. किंमत आली ४२६ कोटी रिव्निया, म्हणजे सुमारे ८० कोटी डॉलर. घेणारे दोघे, रिनात अख्मेतोव्ह आणि विक्टर पिंचुक. अख्मेतोव्ह हे डोनेत्स्कच्या खाण-कामगाराचे चिरंजीव, तातार मुसलमान घराण्यातले, आणि तोवर युक्रेनचे सर्वांत मोठे उद्योगपती झालेले. पिंचुक हे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष लिओनिद कुचमा यांचे जावई.

लिलावाला परदेशी कंपन्याही आल्या होत्या. लक्ष्मी मित्तल यांची कंपनी आणि अमेरिकेची यू. एस. स्टील यांनी मिळून दीडशे कोटी डॉलर देऊ केले. पण विक्रीच्या अटींत एक कलम होते. घेणाऱ्याने मागची काही वर्षे युक्रेनमध्येच दरसाल दहा लाख टन कोक तयार केलेला असावा. ही अट परदेशी माणूस पुरी करणार कशी? म्हणजे दुप्पट भाव देणारे गिऱ्हाईक दाराबाहेर आणि कमी देणारे आत. ज्याला माल द्यायचा त्याच्या अंगाची मापे घेऊन अटींचा सदरा शिवायचा, हा प्रकार आपल्याकडच्या निविदा भरणाऱ्यांनाही अनोळखी नाही.

त्याच वर्षाच्या अखेरीस निवडणुकीतील गैरप्रकारांविरुद्ध लोक कीवच्या रस्त्यांवर उतरले. सत्ता बदलली. व्हिक्टर युश्चेन्को राष्ट्राध्यक्ष आणि युलिया तिमोशेन्को पंतप्रधान झाल्या. कोर्टाने जुना सौदा रद्द ठरवला, कारखाना पुन्हा सरकारकडे आला. २४ ऑक्टोबर २००५ रोजी नव्याने लिलाव झाला, आणि तो टेलिव्हिजनवर साऱ्या देशाने पाहिला. बोली सुरू झाली १,००० कोटी रिव्नियाला. तीन बोलीदार होते. एका बाजूला मित्तल, दुसऱ्या बाजूला युरोपातील आर्सेलर कंपनी आणि तिचा युक्रेनी जोडीदार, तिसरा एक स्थानिक गट. बोली चढत चढत २,४२० कोटी रिव्नियावर थांबली, म्हणजे ४८० कोटी डॉलर. आपल्या तेव्हाच्या दराने सुमारे २१ हजार कोटी रुपये. कारखाना मित्तल यांना मिळाला.

तोच कारखाना, त्याच भट्ट्या, तेच कामगार. सोळा महिन्यांत भाव सहापट. बाजारही थोडा चढला होता, हे खरे. पण मुख्य फरक पडला तो दार उघडे ठेवल्याने. पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, मित्तल यांनी लिलावात हरलेली आर्सेलर कंपनीच विकत घेतली, आणि कारखान्यावर ‘आर्सेलरमित्तल क्रिव्ही रीह’ अशी पाटी लागली.

लक्ष्मी मित्तल यांचा जन्म १९५० साली राजस्थानातील सादुलपूरचा, शिक्षण कलकत्त्याचे. १९७६ च्या सुमारास त्यांनी इंडोनेशियात लहान कारखाना काढला आणि पुढे मेक्सिको, कझाकस्तान, रुमानिया येथील डबघाईला आलेले सरकारी कारखाने घेत गेले. त्यांच्या धाकट्या भावांच्या इस्पात इंडस्ट्रीजचा कारखाना आपल्या रायगड जिल्ह्यात डोलवी येथे होता. २०१० च्या अखेरीस तो जिंदालांच्या जेएसडब्ल्यू समूहाकडे गेला. म्हणजे एकाच घराची एक फांदी कोकणच्या खाडीकाठी आणि दुसरी युक्रेनच्या खाणीवर.

कामगाराच्या वाट्याला काय आले

मालिक बदलला म्हणजे दिवस बदलतात असे नाही. विक्रीच्या करारात गुंतवणूक आणि कामगार याविषयी लेखी अटी होत्या. पैसा आला, काही जुन्या यंत्रांच्या जागी नवी बसली, पगार वेळेवर मिळू लागले. पण माणसे कमी होत गेली. २००५ साली कारखान्याच्या हजेरीपटावर पन्नास हजारांहून अधिक नावे होती. २०२२ च्या युद्धाच्या तोंडावर ती निम्म्यावर आली होती. यंत्र नवे आले की माणूस कमी लागतो, हे साधा माग जाऊन स्वयंचलित माग आला तेव्हा आपणही पाहिले.

शहरातल्या इतर खाणी वेगवेगळ्या मालकांकडे गेल्या. उघड्या खाणींचे तीन मोठे कारखाने अख्मेतोव्ह यांच्या मेटइन्व्हेस्ट कंपनीकडे आले. सप्टेंबर २०२० मध्ये खोल खाणींतील कामगारांनी पगार आणि कामाच्या अटींसाठी वेगळाच मार्ग धरला. पाळी संपल्यावर ते वर आलेच नाहीत. काहीजण जमिनीखाली त्रेचाळीस दिवस बसून राहिले. वर बायकापोरे खाणीच्या फाटकाशी उभी असत. ऑक्टोबरमध्ये समझोता झाला आणि ते वर आले.

धुरळ्याचे दुःख वेगळेच. खनिजाची लाल पूड आणि भट्ट्यांचा धूर यांनी शहराची हवा देशातल्या वाईट हवांपैकी एक करून ठेवली. ज्या शहरात सगळ्यांची रोजी एकाच चिमणीतून येते, तेथे चिमणीविरुद्ध बोलायला माणूस कचरतो.

लढाई भट्टीपाशी आली

२४ फेब्रुवारी २०२२ ला रशियन फौजा दक्षिणेकडून या शहराच्या रोखाने निघाल्या. विमानतळावर सैनिक उतरू नयेत म्हणून धावपट्टीवर जड यंत्रे आणि वाहने आडवी लावली गेली. खाणीतले अजस्र ट्रक रस्ते अडवायला उभे राहिले. या बंदोबस्ताचे प्रमुख होते अलेक्झांडर विलकुल. त्यांनी पूर्वी याच खाण-उद्योगात काम केलेले. फौजा शहरात शिरू शकल्या नाहीत. युक्रेनचे राष्ट्राध्यक्ष वोलोदिमिर झेलेन्स्की यांचे जन्मगावही हेच, हे येथे नोंदवले पाहिजे.

मार्च २०२२ च्या सुरुवातीला कारखान्याने झोतभट्ट्या थंडावल्या. आपल्या कारागिरांना यातले गांभीर्य समजावे म्हणून सांगतो. यंत्रमाग बंद करायचा तर बटण दाबले की झाले, उद्या पुन्हा दाबले की चालू. झोतभट्टी तशी नसते. ती एकदा पेटली की वर्षानुवर्षे रात्रंदिवस जळत राहते. आतले वितळलेले लोखंड गोठले तर भट्टी म्हणजे एक मोठा धोंडा होऊन बसते. म्हणून जाणकार माणसे तिला पूर्ण विझू न देता मंद उबेवर राखतात. बाहेर तोफा चालू असताना त्या कामगारांनी हे केले, आणि एप्रिलमध्ये एक भट्टी पुन्हा चालवली. मारियुपोल या दुसऱ्या पोलादी शहराचे नशीब असे नव्हते. तेथील अझोव्हस्ताल कारखाना मे २०२२ पर्यंतच्या वेढ्यात उद्ध्वस्त झाला.

मग एकेक धागा तुटत गेला. पहिला, वाट. काळ्या समुद्रातील बंदरे बंद झाली. जहाजाने जाणारा माल रेल्वेने पोलंडकडे न्यावा तर युक्रेनचे रूळ रुंद आणि युरोपचे अरुंद. सरहद्दीवर माल उतरवून पुन्हा भरायचा. भाडे इतके वाढले की नफा त्यातच गेला. जुलै २०२२ मध्ये समुद्रमार्गाचा जो करार झाला तो धान्यापुरता होता, लोखंडाला त्यात जागा नव्हती. ऑगस्ट २०२३ पासून युक्रेनने किनाऱ्यालगतचा आपला मार्ग खुला केला, तेव्हा पोलादाची जहाजे पुन्हा निघू लागली.

दुसरा, वीज. वीजकेंद्रांवर हल्ले झाले, भारनियमन सुरू झाले, आणि युरोपातून आणलेली महाग वीज घ्यावी लागली. तिसरा, पाणी. १४ सप्टेंबर २०२२ ला क्षेपणास्त्रांनी कराचुनी येथील धरणाचे दरवाजे फोडले आणि इंगुलेत्स नदीचे पाणी घरांत शिरले. ६ जून २०२३ ला नीपर नदीवरचे काखोव्का धरण फुटले, आणि शहराला पाणी पुरवणारा तलावच रिता झाला. आधी पाण्याने बुडालेले शहर आता पाण्याविना राहिले. पोलाद थंड करायला पाणी लागते. माणसांच्या पिण्यासाठी ते राहावे म्हणून कारखान्याने काही काळ पोलाद काढणेच थांबवले. चौथा धागा माणसांचा. पुष्कळ कामगार सैन्यात गेले, पुष्कळ कुटुंबे देश सोडून गेली. युक्रेनच्या काही खाणींत बायका जमिनीखालच्या कामावर उतरल्या.

२०२१ साली या कारखान्याने सुमारे ४९ लाख टन पोलाद काढले होते. २०२२ साली ते १२ लाख टनांच्या आसपास आले, म्हणजे चौथाई. हे झाले टनांचे आकडे. ४ एप्रिल २०२५ रोजी शहरातल्या वस्तीत मुलांच्या खेळण्याच्या जागेजवळ क्षेपणास्त्र पडले. वीसच्या आसपास माणसे गेली, त्यांत नऊ लहान मुले होती. त्या मुलांच्या आईबापांपुढे पोलादाच्या भावाची गोष्ट करायला तोंड होत नाही.

आपण यातून काय घ्यावे

कोणी म्हणेल, हे सारे परक्या मुलखाचे. आपल्या हातमाग-यंत्रमागाच्या माणसाला यातून काय मिळणार? आमच्या मते चार गोष्टी मिळतात.

पहिली गोष्ट वाटेची. खनिज तेथे होते, भाव आला तो १८८४ च्या रेल्वेने. तोच भाव २०२२ साली बंदर बंद होताच गेला. आपण माल चांगला काढतो, पण तो नेणारी एकच पेढी, एकच अडत्या, एकच शहर. दुसरी वाट शोधून ठेवण्याचे काम चालत्या धंद्यात करायचे असते. अडचण आल्यावर ते फार महाग पडते.

दुसरी गोष्ट बोलीची. ८० कोटी आणि ४८० कोटी यांतला फरक आठवा. आपल्या जमातीच्या संस्थांची दुकाने, गाळे, जमिनी भाड्याने देताना किंवा कोणताही सामाईक माल विकताना दार उघडे ठेवले, जाहीर बोली लावली, अटी सर्वांसाठी सारख्या ठेवल्या, तर संस्थेचा फायदा होतो आणि चालकांवर संशयही येत नाही. चारचौघांत ठरलेला भाव पाच वर्षांनीही डोळ्यात डोळा घालून सांगता येतो.

तिसरी गोष्ट एका धंद्यावरच्या शहराची. क्रिव्ही रीहमध्ये बापही खाणीत, मुलगाही खाणीत, जावई भट्टीवर. एका मालकाची तब्येत बिघडली की सारे शहर आजारी. आपल्या मागांच्या शहरांत याहून वेगळे काय आहे? सुताचा भाव चढला की किराणावाला, रिक्षावाला, चहावाला सारेच हात बांधून बसतात. घरातला एक मुलगा मागावर असेल तर दुसऱ्याने वीजकाम, यंत्रदुरुस्ती, हिशेब, औषधांचा धंदा, असे काही धरावे. यात मागाची बेअदबी नाही. मागावर बसलेल्या भावाला वाईट दिवसांत आधार देणारा हात तो हाच असेल.

चौथी गोष्ट हुनराची. त्या कारखान्याची इमारत, नाव, मालिक, सरकार, चलन, सगळे बदलले. १९४४ साली पाणी भरलेल्या खाणी कोणी उपसल्या? २०२२ साली तोफांच्या आवाजात भट्टी उबेवर कोणी राखली? तिचा आवाज ओळखणाऱ्या कामगारांनी. हे ज्ञान कोणत्याही लिलावात विकले गेले नाही, कारण ते कोणाच्या वहीत नव्हते. ते उस्तादाने शागिर्दाला हाताने दिलेले होते. आपल्याकडे आज साठीला आलेले जे कारागीर आहेत, त्यांच्या हाताखाली एकेक मुलगा बसला आहे की नाही, एवढे प्रत्येक कारखानदाराने या महिन्यात पाहावे. नसेल तर बसवावा, आणि त्या मुलाला शिकण्याच्या दिवसांतही मेहनतीचा पुरता मोबदला द्यावा.